आठ महिने एअर फ्रायरमध्ये चणे भाजल्यावर

लिटर, वॉट, प्रीसेट हे सगळं तुम्हाला ठाऊकच असेल, त्यात शिरत नाही. माझा एअर फ्रायर चार लिटरचा आहे आणि आठ महिन्यांत त्याचा निम्म्याहून जास्त वापर एकाच गोष्टीसाठी झाला: भाजलेले काबुली चणे. संध्याकाळच्या भुकेला बिस्किटं बंद करायची होती, म्हणून घेतला होता. गेल्या महिन्यात त्यातून जळका वास आणि धूर आला, सर्व्हिसवाल्यांशी दोन आठवडे वाद घालावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी धुराचंच सांगते. चणे शिजले की काहींची सालं सुटतात. भाजताना ती वाळून इतकी हलकी होतात की आतल्या पंख्याच्या झोताबरोबर वर उडतात आणि थेट कॉइलला, म्हणजे वरच्या तापणाऱ्या वेटोळ्याला, चिकटतात. कॉइलखाली जाळी आहे, पण तिच्या तारांमध्ये एवढं अंतर की नखाएवढं साल सहज आत जातं. सर्व्हिसच्या माणसाने वरचा भाग उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांमागे काळी ठिक्कर सालं मूठभर निघाली. "मॅडम, हा वापराचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही," म्हणाला. मी माहितीपुस्तिका पुढे केली. त्यात भाजलेल्या चण्यांची कृती फोटोसकट छापलेली आहे. तुम्हीच छापलेला पदार्थ केला तर तो गैरवापर कसा? त्या पानाचा फोटो जोडून तीन ईमेल पाठवले, तेव्हा कुठे साफसफाई फुकट करून मिळाली. बारीक जाळी मात्र नाहीच मिळाली, आणि माझा सगळा राग त्या जाळीवर आहे.

चण्यांबद्दल मात्र माझं मत मध्येच बदललं. पहिले दोन महिने मी मशीनलाच नावं ठेवत होते. काढल्या काढल्या चणे कुरकुरीत, सकाळी बरणी उघडावी तर सादळलेले, वातड. तापमान वाढवून पाहिलं तर बाहेरून करपायचे आणि आत ओलेच. चूक भाजण्याच्या आधीची आणि नंतरची होती. शिजवलेले चणे मी नुसते निथळून टाकत होते. आता सुती फडक्यावर तासभर पसरते आणि दुसऱ्या फडक्याने हलकेच घोळते. सुटी सालं तिथेच निघतात, वर उडायला फारशी उरतच नाहीत. चणा कोरडा झाला की नाही हे हातालाच कळतं: ओला असेल तर गार लागतो. आणि भाजल्यावर पूर्ण निवल्याशिवाय बरणीचं झाकण लावत नाही. कोमट चण्यांची वाफ आत कोंडली की झाकणाला पाणी सुटतं आणि मेहनत वाया जाते.

माझं प्रमाण 200 ग्रॅम कोरडे चणे. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, बोटांनी दाबल्यावर दबतील पण फुटणार नाहीत इतपत शिजवायचे. जास्त शिजले तर पिठूळ होतात. न शिजवता नुसते भिजवलेले भाजले तर दगड होतात, घरात कुणाचे दात नाजूक असतील तर तो प्रयोग नकोच. मग एक मोठा चमचा तेल, मीठ, 190 अंशांवर 15 मिनिटं आणि 160 अंशांवर आणखी 8 ते 10, दर पाच मिनिटांनी हलवत. तिखट आणि जिरेपूड बाहेर काढल्यावर, गरम असतानाच. आधी घातलं तर तिखट करपून कडू होतं. झालेत का ते पाहायला एक चणा तोडा. आत खडूसारखा कोरडा दिसला पाहिजे. मध्ये ओलसर ठिपका असेल तर अजून पाच मिनिटं.

एकावर एक थर दिला की खालचे नुसते वाफवले जातात, त्यामुळे एवढे चणे मला दोन खेपांत भाजावे लागतात. हे मला खटकतं.

पौष्टिक आहेत, पण कमी कॅलरीचे समजून बशीभर खाऊ नका. शिजलेल्या 100 ग्रॅम चण्यांत साधारण 164 कॅलरी, पण भाजताना पाणी उडून वजन निम्म्यावर येतं. माझ्या हिशेबाने तेल धरून 30 ग्रॅमला 120 च्या आसपास कॅलरी पडतात. त्यात साडेपाच ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास पाच ग्रॅम तंतू मिळतात. तेवढ्या मुठीवर माझी रात्रीच्या जेवणापर्यंतची भूक भागते. बिस्किटांनी ती कधी भागली नाही.

घरात ओव्हन असेल तर केवळ चण्यांसाठी हे मशीन घेऊ नका. ट्रेमध्ये 200 अंशांवर 35 ते 40 मिनिटांत सगळे एकदम होतात. ओव्हन नसेल आणि घरात दोन-तीन माणसंच असतील तर जरूर घ्या, पण दुकानात आधी कॉइलखालची जाळी बघा. मी आता दर रविवारी मशीन थंड असताना प्लग काढून, आडवं करून टॉर्चने कॉइल तपासते. कालही दोन सालं निघाली.