मोतीबिंदू ‘विरघळवणारे’ थेंब: वापर आणि दावे

एन-अ‍ॅसिटिलकार्नोसिन असलेले डोळ्यांचे थेंब सध्या निरनिराळ्या लेबलांखाली घरपोच मिळतात आणि ‘शस्त्रक्रियेविना मोतीबिंदूपासून सुटका’ असे त्यांच्या वेष्टनावर ठळक छापलेले असते. नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या मावशीने ते उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत नियमाने वापरले. बाटली कोणत्या कंपनीची होती हे मी लिहीत नाही, कारण सूत्र सगळीकडे जवळपास तेच आहे आणि माझा आक्षेप त्या सूत्राविषयीच्या दाव्यावर आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून बाटलीसोबतचे माहितीपत्रक मी जरा जास्तच बारकाईने वाचले.

चांगली बाजू अशी, की थेंब झोंबत नाहीत, बाटली म्हाताऱ्या बोटांनाही सहज दाबता येते आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या झळांनी कोरडे पडलेले डोळे काही वेळ निवतात. घटकांच्या यादीत कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज आहे आणि तेच द्रव्य कोरड्या डोळ्यांसाठीच्या साध्या थेंबांतही वापरले जाते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर नीट बसला की थोडा वेळ स्पष्टही दिसते. मात्र मोतीबिंदू डोळ्याच्या आतल्या भिंगात होतो, आणि त्या भिंगाशी याचा काहीही संबंध नाही.

भिंगाची अडचण निराळी आहे. त्यातील तंतुपेशी परिपक्व होताना आपले केंद्रक आणि इतर अंगके गमावतात; त्यामुळे प्रकाशाची वाट मोकळी राहते, पण नवी प्रथिने घडवण्याची सोयही उरत नाही. जन्माआधी गाभ्यात तयार झालेली क्रिस्टलिन, म्हणजे भिंगातली मुख्य पारदर्शक प्रथिने, सत्तराव्या वर्षीही तीच असतात. त्यांपैकी अल्फा क्रिस्टलिन इतर प्रथिनांना सावरून धरते, हे संशोधक जोसेफ हॉर्विट्झ यांनी 1992 मध्ये दाखवले. वय वाढते तसा या अल्फा क्रिस्टलिनचा मोकळा साठा संपत जातो, ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, प्रथिनांतील गंधकयुक्त गट एकमेकांना जोडले जातात, अतिनील किरण आणि रक्तातील वाढलेली साखर त्यात भर घालतात, आणि शेवटी प्रथिनांचे पुंजके बनून प्रकाश विखुरतो. कार्नोसिनसारखा रेणू ही वाटचाल मंदावू शकेल ही कल्पना रसायनशास्त्राला धरून आहे. पण तयार झालेले पुंजके तो सोडवेल, असे माहितीपत्रक ज्या सहजतेने सांगते त्याला आधार नाही. रशियातील काही छोट्या चाचण्यांचे आकडे त्यात दिले आहेत, पण वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात निकषांना उतरणारी एकही चाचणी सापडली नव्हती, याचा उल्लेख अर्थातच नाही.

शरीरात कोलेस्टेरॉल घडताना बनणाऱ्या लॅनोस्टेरॉल या द्रव्याचे नावही मोठ्या अक्षरांत आहे, जरी बाटलीत ते नाही. 2015 मध्ये कुत्र्यांच्या मोतीबिंदूवर त्याचा परिणाम झाल्याचे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले, ही बातमी खरी. त्यानंतर शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या भिंगगाभ्यांवर ते वापरून पाहण्यात आले, तेव्हा गढूळपणा कमी झाला नाही.

‘फरक न पडल्यास थेंब वाढवा’ ही सूचना मला सर्वांत खटकली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात हळदीतील कर्क्युमिनने अत्यल्प मात्रेत मोतीबिंदू लांबवला होता, पण मात्रा वाढवल्यावर तो उलट लवकर पिकला. द्रव्य वेगळे असले तरी मात्रेबाबत इतकी बेफिकिरी बरी नव्हे.

आता मावशीच्या अनुभवाविषयी, कारण अशा थेंबांची कीर्ती अशाच अनुभवांवर पसरते. गणपतीच्या सुमारास ती चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागली आणि ‘माझी चाळीशी सुटली’ म्हणून तिने शेजारच्या काकूंनाही बाटली मागवायला लावली. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते. त्यामुळे जवळचे स्पष्ट दिसू लागते आणि दूरचे धूसर होते. म्हणजे मोतीबिंदू वाढत होता आणि श्रेय थेंबांना मिळत होते. धंतोलीतील नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्राखाली) तपासून हेच सांगितले. मावशीने ते ऐकून घेतले, पटवून घेतले असे मात्र वाटले नाही.

यात पैशांपेक्षा वेळेचे नुकसान मोठे आहे. मोतीबिंदू फार पिकू दिला तर गाभा कठीण होऊन फेको (ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याची) शस्त्रक्रिया अवघड होते, आणि फुगलेल्या किंवा पाझरणाऱ्या भिंगामुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. मावशीला मधुमेहही आहे. जास्तीच्या ग्लुकोजचे भिंगात अल्डोज रिडक्टेज या विकरामुळे सॉर्बिटॉल होते आणि ते तिथेच साठून पाणी ओढते, त्यामुळे महिन्याचे हे पैसे साखरेच्या तपासणीवर खर्च झाले असते तर भिंगाच्या अधिक उपयोगी पडले असते.

कोरड्या डोळ्यांसाठीचे थेंब म्हणून मी या उत्पादनाला पाचपैकी तीन गुण देईन, फक्त तेवढाच आराम सीताबर्डीवरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात बऱ्याच कमी किमतीत मिळतो. मोतीबिंदूवरचा उपाय म्हणून शून्य. ज्यांच्या घरी बाटली आधीच आली आहे त्यांनी ती उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी, पत्रकात दिलेली मुदत संपताच ती टाकून द्यावी आणि दरम्यान भिंगासोबत डोळ्याचा दाब आणि पडदाही तपासून घ्यावा, कारण धूसर दिसण्याचे कारण प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असते असे नाही.