हुशार मूल, रिकामी वही: पुण्यातील एका मूल्यमापन केंद्राचा अनुभव

आमचा मुलगा पाचवीत आहे. एखाद्या संख्येतील अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला की त्या संख्येलाही का जातो, हे त्याने दिवाळीच्या सुट्टीत आजीला तोंडी पटवून दिले. त्याच आठवड्यात वहीत मात्र त्याचे २४ चे ४२ झाले आणि 'विद्यार्थी' हा शब्द एका पानावर तीन प्रकारे उमटला. 'हुशार आहे, पण आळशी' हा शेरा तीन वर्षे ऐकल्यावर आम्ही एका खासगी केंद्रात त्याचे मूल्यमापन करून घेतले. ज्ञान प्रबोधिनीमुळे १९६२ पासून प्रज्ञावंतांचे शिक्षण हा विषय पुण्याला परका नाही. परंतु प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी कायमची अडचण) एकाच मुलात नांदू शकतात, हे पटवून देताना अजूनही घाम फुटतो.

चाचण्या दोन सकाळी झाल्या. वेक्स्लर या बुद्धिमापन चाचणीच्या एका भागात अंकांखाली ठरलेली चिन्हे दोन मिनिटांत भरायची असतात. तेथे याने पहिल्याच ओळीत खोडरबर मागितला, तो मिळणार नाही म्हटल्यावर प्रत्येक चिन्ह पुन्हा गिरवू लागला, आणि मानसशास्त्रज्ञ बाईंनी गुणांसोबत हे वागणेही अहवालात नोंदवले. १०० ही सरासरी धरणाऱ्या या चाचणीत त्याचे शाब्दिक आकलन १३६ आणि प्रक्रियेचा वेग, म्हणजे असे सोपे काम झटपट उरकण्याची गती, ८५ आला. दोन्ही आकडे एकत्र मिसळले असते तर मूल 'बऱ्यापैकी' ठरून घरी परतले असते. एवढ्या तफावतीत एकूण बुद्ध्यांकावर विसंबू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. शाळेसाठीची त्यांची शिफारसही मला फार मोलाची वाटली: गणिते अवघड द्यावीत, मात्र मोजकी द्यावीत, आणि अक्षर सुधारेपर्यंत त्याला गणिताच्या जादा वर्गापासून दूर ठेवू नये.

यानंतरची सेवा मात्र ढिसाळ होती. १४ पानांचा अहवाल केवळ इंग्रजीत मिळाला. वर्गशिक्षिकांसाठी एक पानी मराठी पत्र मागितले, तर त्याला पाच आठवडे आणि तीन फोन लागले. हाच अहवाल दहावीच्या सवलतींनाही चालेल, असे स्वागतकक्षात बिनदिक्कत सांगण्यात आले. प्रत्यक्षात जादा वेळ किंवा लेखनिक हवा असल्यास सरकारमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. शिवाय ऑक्युपेशनल थेरपीची (लेखनासारख्या रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या उपचाराची) २४ सत्रे, तीही आगाऊ पैसे भरून, आमच्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. आम्ही नकार दिला.

मूल्यमापनाचे साडेआठ हजार रुपये मला खटकत नाहीत आणि तेवढ्यापुरते हे केंद्र मी निःशंकपणे सुचवीन. पैसे भरण्यापूर्वी मराठी पत्राची तारीख मात्र लेखी घ्यावी. आमच्या वर्गशिक्षिकांनी ते पत्र वाचल्यापासून इतिहासाची उत्तरे त्या त्याच्याकडून तोंडी घेतात.