शॉर्ट-थ्रो शिफ्टर, नवे बुश की नुसता नॉब: घरी काम करणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

गिअर टाकताना लिव्हर फार लांब न्यावा लागतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात चुकतो, गिअर पडल्यावरही लिव्हर डगडगत राहतो, अशा तिन्ही तक्रारींवर शॉर्ट-थ्रो शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना कमी अंतर सरकणारा लिव्हर, हाच उपाय म्हणून सुचवला जातो. वास्तविक यांपैकी पहिलीच तक्रार लिव्हरच्या रचनेशी संबंधित आहे. उरलेल्या दोन बहुधा झिजलेल्या बुशमुळे, म्हणजे जोडांत बसवलेल्या नळीसारख्या अस्तरांमुळे, उद्भवतात. त्यामुळे खरेदीपूर्वी एक तपासणी करावी. इंजिन बंद ठेवून हँडब्रेक ओढावा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकावी आणि नॉब (लिव्हरवरची मूठ) दोन बोटांनी पुढे-मागे हलवावा. थोडा प्ले (सैलपणा) प्रत्येक गाडीत असतोच; परंतु कन्सोलचे (लिव्हरभोवतीच्या पेटीचे) झाकण काढल्यावर लिव्हर हलतो आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलचे टोक मात्र जागचे हलत नाही असे दिसले, तर दोष त्या जोडातील बुशमध्ये आहे. अशा लिव्हरच्या जागी कितीही महागडा शॉर्ट शिफ्टर बसवला, तरी तो प्ले तसाच राहतो. उलट लिव्हरची एकूण हालचाल कमी झाल्याने तिच्यातील प्लेचा वाटा वाढतो आणि तो अधिकच जाणवू लागतो.

गिअरचा लिव्हर म्हणजे मधल्या गोळ्यावर टेकलेली तरफ. गोळ्यापासून नॉबपर्यंतचा भाग २४० मिमी आणि गोळ्याखालचा भाग ६० मिमी आहे असे उदाहरणादाखल धरले, तर प्रमाण चारास एक होते आणि खालचे टोक १५ मिमी सरकवण्यासाठी नॉब ६० मिमी न्यावा लागतो. खालचा भाग ८० मिमी केला की प्रमाण तिनास एक होते व नॉबचा प्रवास ४५ मिमीवर येतो, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी घटतो. मात्र हाताला लागणारा जोर त्याच वेळी सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. वरचा भाग १८० मिमीवर आणला, तरी हिशेब अगदी हाच. चाळीस टक्के घट सांगणारे किट घेतल्यास जोर जवळजवळ सदुसष्ट टक्क्यांनी वाढणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो. दुसरा ज्याचा त्याने काढायचा.

या वाढीव जोराचा संबंध सिंक्रोशी येतो. गिअर पडण्यापूर्वी सिंक्रोची रिंग घर्षणाने दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते आणि त्यासाठी तिला क्षणभर वेळ व पुरेसा दाब लागतो. शॉर्ट शिफ्टर सिंक्रो खराब करतो असे सरसकट म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही, कारण हाताचा जोर तेवढाच ठेवला तर सिंक्रोवर पूर्वीपेक्षा कमीच दाब पडतो. नुकसान होते ते गिअर अडल्यासारखा वाटल्यावर चालक लिव्हर रेटू लागतो म्हणून. गिअरबॉक्समधील तेल थंड असताना हे अडणे अधिक जाणवते. ज्या गाडीत दुसरा गिअर आताच खरखरत पडतो, तिच्यात लिव्हरला हात लावण्याआधी क्लच आणि गिअरबॉक्सचे तेल पाहावे.

बुश बदलणे हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग होय. लिव्हरच्या बैठकीखालचे रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) किंवा धातूचे घातले की संपूर्ण बैठक दबण्याचे थांबते, आणि केबलच्या टोकांचे बुश बदलले की जोडातला प्ले जातो. लिव्हरचा प्रवास यामुळे कमी होत नाही. पण गिअर कुठे पडला हे हाताला स्पष्ट कळते, आणि बहुतेकांना हवे असते ते एवढेच. धातूच्या बुशमुळे इंजिनाची थरथर हातापर्यंत पोहोचते, म्हणून रोजच्या गाडीसाठी पॉलियुरेथेन पुरेसे आहे. मन बदलल्यास जुने बुश परत बसवता येतात, हाही फायदा.

नॉबबद्दल थोडक्यात सांगता येईल. जड नॉबच्या वजनामुळे लिव्हर अडथळा सहज ओलांडतो, पण प्रवास कमी होत नाही. नॉब ठेंगणा असेल तर थोडाफार होतो. आटे तपासून घ्यावेत, कारण एम१० बाय १.२५, एम१० बाय १.५ आणि एम१२ बाय १.२५ (मिमीमध्ये व्यास आणि आट्यांतील अंतर) हे तिन्ही प्रकार सर्रास आढळतात. रिव्हर्ससाठी वर ओढायची कडी असलेल्या लिव्हरवर भलताच नॉब लावल्यास कडीला जागा उरत नाही.

संपूर्ण शॉर्ट-थ्रो लिव्हर हा खरा पर्याय आहे आणि खरे कामही त्यातच आहे. केबलच्या गाडीत, म्हणजे लिव्हर केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असतो तिथे, कन्सोल पूर्ण काढावा लागतो. अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रक यंत्र लिव्हरजवळच बोगद्यावर (गाडीच्या मधल्या उंचवट्यावर) बसवलेले असते, त्यामुळे बॅटरीची ऋण तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे पाना लावू नये. केबलची टोके स्क्रूड्रायव्हरने उचकटताना प्लॅस्टिकचे कान तुटतात. दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन ती सरळ वर काढावीत. पक्कड निसटल्यास सर्क्लिप (भाग जागी धरणारी स्प्रिंगसारखी कडी) थेट डोळ्याकडे उडते, म्हणून चष्मा हवाच. गोळा ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो तिला प्लॅस्टिकला चालणारे ग्रीस लावावे आणि केबल जोडण्यापूर्वी न्यूट्रलची जुळवणी पुस्तिकेप्रमाणे करावी. जुळवणी थोडी जरी हुकली, तरी एखादा गिअर अर्धवटच पडतो.

ज्या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, उदाहरणार्थ माझदा एमएक्स-५, तिथे काम सुटसुटीत असते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५मध्ये तर लिव्हरच्या बैठकीला स्वतःचे वेगळे तेल असते आणि खालचा रबरी बूट (लिव्हरभोवतीचे आवरण) फाटला की गरम हवा व आवाज आत येतो. लिव्हर बाहेर आलेलाच आहे, तेव्हा ते तेल, वाटी आणि बूट तिन्ही बदलून टाकणे शहाणपणाचे. अशा गाडीच्या मालकाला मी पूर्ण लिव्हर बसवण्याचाच सल्ला देईन.

आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूचा आर्म (केबल जोडलेला छोटा दांडा) बदलण्याचाही मार्ग असतो. बॅटरी किंवा एअर फिल्टरची पेटी काढली की तो बहुधा हाताशी येतो आणि कन्सोल उघडावा लागत नाही. मात्र यामुळे पुढे-मागे होणारी हालचालच कमी होते, डावी-उजवीकडची तशीच राहते, आणि हाताला ही विसंगती सुरुवातीला खटकते. शिवाय मूळ आर्मवर वजन बसवलेले असल्यास ते जाते व गिअर कोरडा, खडखडीत लागतो. मूळचा लिव्हर कापून त्यावर नवे आटे पाडणे हा मार्ग स्वस्त असला, तरी मला पटत नाही. काही लिव्हरमध्ये आतील दांडा आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर असते. कापल्यावर ती जोडणीच सुटू शकते आणि परतीची वाट उरत नाही.

रोजच्या केबलच्या गाडीसाठी माझा क्रम स्पष्ट आहे: आधी बुश, मग काही आठवडे गाडी चालवणे, आणि त्यानंतरही लिव्हर लांब वाटला तरच वीस-पंचवीस टक्के घट देणारा पूर्ण लिव्हर.

कोणताही पर्याय निवडला, तरी कन्सोल बंद करण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर, रिव्हर्ससह, पूर्ण पडतो का ते पाहावे. मग चामडी बूट चढवून तीच तपासणी पुन्हा करावी, कारण उघड्या लिव्हरला नीट पडणारा पाचवा गिअर बूट ताणला गेल्यास मागे ओढला जातो आणि चालत्या गाडीत निसटू शकतो.