एटीव्हीचा रेडिएटर फॅन बंद पडला: कंपनीचा फॅन, बाजारातला फॅन की स्विच लावून डायरेक्ट?

आमच्याकडे नागावला किनाऱ्यावर राइड द्यायला दोन एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या चारचाकी बाइक) आहेत आणि गेल्या चार सीझनमध्ये दोन्ही गाड्यांचे मिळून तीनदा फॅन बंद पडलेत, त्यामुळे कंपनीचाच फॅन मागवायचा का बाजारातला बसवायचा का सरळ हँडलला स्विच लावून मोकळं व्हायचं, हे तिन्ही करून झालंय. पैसेही घालवलेत. पहिल्या वेळी तर आख्खा नवीन फॅन मागवला आणि तो आल्यावर कळलं की जुना ठणठणीत आहे, कपलरमधली (वायरी जोडायचा प्लग) एक पिन खाऱ्या हवेने खाल्ली होती.

म्हणून आधी दहा मिनिटं द्या, कुठला पर्याय ते नंतर. किल्ली बंद करून फॅनचं पातं बोटाने फिरवून बघा, मोकळं फिरायला हवं. आमच्या दुसऱ्या गाडीत ते हलतच नव्हतं, टॉर्च मारून बघितलं तर शाफ्टभोवती मासेमारीच्या जाळ्याचा हिरवा नायलॉन दोरा असा गच्च गुंडाळलेला की ब्लेडने कापून काढायला लागला. तेवढ्याने मोटर जाम होऊन फ्यूज उडत होता आणि आम्ही दोन दिवस नुसते फ्यूज बदलत बसलो. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज टाकायचा मोह होतो, टाकू नका, मग फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

पातं मोकळं असेल तर फॅनचा कपलर काढा आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट फॅनला द्या, प्लसच्या वायरीत फ्यूज घालून. जोरात फिरला तर मोटर चांगली, रोग मागे कुठेतरी आहे. नाही फिरला तर मोटर गेली. आणि पान्याने मोटरवर हलकेच टकटक केल्यावर फिरायला लागला तर कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपत आलेत, आज ना उद्या जाणारच. एक लक्षात ठेवा, प्लस-मायनस उलटं दिलं तर ही मोटर गपचूप उलटी फिरते. बहुतेक एटीव्हीत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि पुढून हवा खेचतो, म्हणून जाळीवर पुढून कागदाचा तुकडा धरा, चिकटला तर बरोबर, उडून आला तर वायरी बदला. नवीन फॅन बसवल्यावर पण हे करा, उलटा बसलेला फॅन आवाज करतो, वारा देतो आणि गाडी तरी तापते, मग माणूस वेड्यासारखा थर्मोस्टॅट उघडत बसतो.

आता मोटर चांगली निघाली असं धरू. मग तुमच्यापुढे दोनच रस्ते, बिघाड शोधून दुरुस्त करणं किंवा स्विच लावणं. शोधणं स्वस्त आहे पण वेळखाऊ. रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) सगळ्यात सोपा, शेजारी बऱ्याचदा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांचं काम. कपलरमध्ये हिरवी पावडर दिसली तर बहुतेक तेच. इथे मल्टिमीटर फसवतो बरं का, कपलर काढून लावला तर छान १२ व्होल्ट दाखवेल पण फॅन जोडला की सगळं गळून पडतं, कारण सडलेली वायर मीटरपुरता करंट देते, फॅनला जो पाच ते दहा अँपिअर लागतो तो देत नाही. त्यापेक्षा हेडलाइटचा जुना बल्ब कपलरला जोडा, लख्ख पेटला तर सप्लाय खरा, मिणमिणला तर वायर नाहीतर अर्थ (मायनसची वायर चासीला जोडलेली असते तो जोड) खराब. आमच्याकडे निम्म्या वेळा अर्थच निघतो, चासीला जिथे बोल्ट आहे तिथला गंज घासला की झालं.

सेन्सरचं मात्र गाडीवर अवलंबून आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत बऱ्याचदा साधा दोन पिनचा थर्मो स्विच असतो, पाणी तापलं की जोडतो. त्याचा कपलर काढून किल्ली चालू करून दोन वायरी एकमेकांना जोडा, फॅन फिरला तर स्विच गेलाय, नवीन घ्या. इंजेक्शनवाल्या गाडीत तसं करू नका. तिथे सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तो वाचून ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) रिले चालू करतो. तिथे इंजिन चालू ठेवून नुसता कपलर काढा, बरेच ईसीयू सेन्सर सापडला नाही की सुरक्षितता म्हणून फॅन चालू ठेवतात. फिरला तर रिले-वायरिंग पास, सेन्सरवर संशय घ्या. आणि नवीन सेन्सर घेण्याआधी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, बघा (गार इंजिनवर, गरम असताना कॅप उघडायची नाही, हात भाजलेले लोक आमच्या गॅरेजमध्येच बघितलेत). कूलंट कमी असलं किंवा हवा अडकली तर सेन्सर वाफेत बसतो, त्याला तापलंय हे कळतच नाही, इंजिन उकळतंय आणि फॅन शांत.

स्विचचं म्हणाल तर तो दोन प्रकारे लागतो आणि लोकं हे दोन्ही एकच समजतात. एक म्हणजे सेन्सर काढून फेकायचा आणि फॅन फक्त स्विचवर. लोकल वायरमन हेच करून देतो, तासाभरात, खर्च नावाला. पण स्विच दाबायचं लक्षात ठेवणार कोण? आमच्या पोराने एकदा सलग चार राइड फॅनशिवाय मारल्या, इंजिनचं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं, त्या बिलात दोन फॅन आले असते. दुसरा प्रकार म्हणजे स्विच रिलेच्या कॉइलवर (रिले चालू करणारी, कमी करंटची बाजू), ऑटोमॅटिकला समांतर, म्हणजे तापल्यावर फॅन आपोआप लागतोच, वरून तुम्हाला वाटेल तेव्हा हातानेही लावता येतो, आणि स्विचमधून फॅनचा पूर्ण करंट जात नसल्याने स्विचही टिकतो. सोबत एक छोटा लाल दिवा. मी स्विचला विरोध करत नाही, पहिल्या प्रकाराला करतो.

मोटरच गेली असेल तर खरा खर्चाचा प्रश्न येतो. कंपनीचा फॅन महाग आणि इम्पोर्टेड गाडी असेल तर वाट बघावी लागते, आम्ही तीन आठवडे थांबलो, तेही मे महिन्यात, सीझनच्या ऐन मध्यात. पण बसतो बरोबर, कपलर तोच, श्राउडमध्ये (फॅनभोवतीचं कडं) फट राहत नाही, पाण्यापासून मोटर बऱ्यापैकी बंद असते. बाजारातला त्याच मॉडेलसाठी बनवलेला फॅन अर्ध्याच्या आत येतो आणि एका गाडीत दोन सीझन झाले, चालतोय, फक्त बेअरिंगचा आवाज वाढलाय. तिसरा उपाय म्हणजे जुन्या छोट्या कारचा फॅन पट्ट्या वेल्ड करून बसवणं. तो मात्र मला पटला नाही. तो करंट जास्त खेचतो, एटीव्हीचं चार्जिंग आधीच जेमतेम, राइडच्या मध्ये गाडी उभी करून चालू ठेवली की बॅटरी बसते, शिवाय श्राउडच्या कडेने फट राहिली की हवा जाळीतून न येता तिथूनच फिरत राहते. आणि मोटर उघडून कार्बन-बेअरिंग बदलणारा चांगला कारागीर जवळ असेल तर आधी त्याला दाखवा, कव्हर उघडत असेल तर हे सगळ्यात स्वस्त पडतं, आमची तशी केलेली मोटर शेडमध्ये स्पेअर म्हणून टांगलेली आहे.

मी काय करीन? राइडच्या गाडीला, जी वाळूत कासवासारखी चालते आणि जिला पुढून वारा मिळतच नाही, तिला कंपनीचा फॅन आणि समांतर स्विच. शेतावर महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या गाडीला बाजारातला फॅन भरपूर झाला. आणि कुठलाही बसवा, धुताना प्रेशर वॉशर फॅनच्या मोटरवर धरू नका, जाळीवरही लांबूनच, साध्या पाइपने मागून पुढे पाणी सोडलं की चिखल आला तसा परत बाहेर पडतो.