कोथरूडमधल्या सायकॉलॉजिस्ट मॅडम, माझा 14 सेशन्सचा अनुभव

बाबा गेले तेव्हा मी ऑफिसात होते. तीन वर्षं पॅरालिसिस, सगळं मीच केलं, आणि नेमकी त्या दुपारी मी नव्हते, ते डोक्यातून जाईचना. झोप गेली, घरात सगळ्यांवर चिडचिड. आधी एका ठिकाणी गेले होते, तिथे अर्धा तास त्यांचाच आध्यात्मिक प्रवास ऐकला आणि पैसे देऊन आले. त्यामुळे या मॅडमकडे जाताना काही आशा नव्हती खरं तर.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचा आरसीआय (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन नंबर दाखवला, म्हणाल्या वेबसाइटवर चेक करून घ्या. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मला घरच्यांना सांगावं लागेल, हेही आधीच स्पष्ट सांगितलं. गोळ्या मी लिहू शकत नाही म्हणाल्या, आणि झोपेसाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं ते तिसऱ्या आठवड्यात, मला वाटतं ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

पद्धत त्यांची आरईबीटी, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी रुजवली ती विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती. मी सारखं म्हणायचे, "मी तिथे असायलाच हवं होतं." मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि फक्त 'च'भोवती गोल केला. म्हणाल्या, हा 'च' काढून वाचा. "मी तिथे असायला हवं होतं." वाचलं आणि मी रडले, बाबा गेल्यावर पहिल्यांदा नीट रडले, कारण त्यात नुसतं दुःख होतं, शिक्षा नव्हती. मग घरचा अभ्यास, दिवसभरात किती 'च' येतात ते लिहून आणायचे. पहिल्या दिवशी 23 निघाले!

एकदा मी चिडून म्हटलं, तुम्हाला काय कळणार, अंथरुणावरच्या माणसाचं करणं म्हणजे काय ते. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, मी तेव्हा कॉलेजात होते. पण तुमचं आणि माझं सारखंच असेल असं मी धरून चालणार नाही, तुमचं सांगा." बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. खूप विचार केला मी त्यावर नंतर. स्वतःचं दुःख माहीत असलेलं माणूस आणि ते माझ्या वेळेत न आणणारं माणूस, दोन्ही एकाच खुर्चीत बसलेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. एलिसचंही त्यांनी सांगितलं, मुलींशी बोलायची भीती म्हणून 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन शंभरेक बायकांशी मुद्दाम बोलला, भीती गेली. त्यावरून मला कामं दिली, बाबांच्या खोलीत रोज दहा मिनिटं बसायचं, मग कपाट उघडायचं. ते कपाट मे महिन्यात रिकामं केलं मी, एकटीने.

फी 1500, 50 मिनिटं, आणि 50 म्हणजे 50. अपॉइंटमेंटला तीन आठवडे लागतात. रात्री मेसेजला उत्तर देत नाहीत, आधी राग आला होता मला, पण टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्यांनीच सेव्ह करून दिला आणि एका रात्री तो वापरलाही. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर ऑनलाइन घ्या, फी तेवढीच आहे.