कोलमारचं उंटरलिंडन म्युझियम: वधस्तंभ समजून घ्यायचा असेल तर इथे जाच

युरोपात राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांसाठी मुद्दाम लिहितेय, बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. फ्रान्समधल्या कोलमारला लोक रंगीबेरंगी घरं आणि कालवे बघायला येतात, फोटो काढतात, वाईन पितात आणि संध्याकाळी परत. बासेल किंवा स्ट्रासबर्गहून ट्रेनने तासाच्या आत पोचता येतं त्यामुळे तसं करणं सोपंय, पण उंटरलिंडन म्युझियम चुकवू नका, जमलं तर अख्खी सकाळ त्यालाच द्या. डॉमिनिकन पंथाच्या नन्सचा जुना मठ आहे, मधलं अंगण छान शांत आहे, २०१५ मध्ये जोडलेल्या नव्या भागात मॉडर्न आर्ट आहे (ते मी भराभर उरकलं), पण खरं जायचं ते इसेनहाइमच्या वेदीचित्रासाठी, म्हणजे चर्चच्या वेदीवर मांडलेलं, दारांसारखी उघडणारी पॅनल्स असलेलं मोठं चित्र.

मराठीत यावर वाचायला फारसं मिळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. मथियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान हे रंगवलं, आणि ते राजवाड्यासाठी वगैरे नाही, जवळच्याच इसेनहाइम गावातल्या अँथनीपंथी मठासाठी, जिथे रोग्यांची सेवा चालायची. रोग कुठला तर ‘संत अँथनीचा अग्नी’. राय नावाच्या धान्यावर बुरशी पडायची, आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो ना त्याच कुळातली, आणि त्या पिठाची भाकर गरीब माणसं खायची, मग हातापायांची आग आग व्हायची, बोटं काळी पडून झडायची, झटके यायचे. मठातले लोक चांगल्या धान्याची भाकर द्यायचे, डुकराच्या चरबीचं मलम लावायचे, सडलेला हात किंवा पाय कापायचे. आणि असल्या माणसांसमोर हे चित्र होतं, हे डोक्यात ठेवूनच आत जा.

मधल्या मोठ्या चित्रात येशू वधस्तंभावर आहे. आपल्याकडे घराघरात जी तसबीर असते, गोरा स्वच्छ देह आणि कुशीत एक छोटीशी जखम, तसं इथे काहीच नाही. अंग हिरवट पडलंय, सगळ्या कातडीभर फोड आणि रुतलेले काटे, ओठ निळे, पाय पिळवटलेले, हाताची बोटं वाकडी होऊन वर ताणली गेलीयत. बोटं मी बराच वेळ बघत होते. ज्याची स्वतःची बोटं तशीच वळलीयत अशा रोग्याने ते बघितलं असेल तर त्याला कुणी प्रवचन द्यायची गरज नव्हती, देवाच्या पुत्राने आपलाच रोग अंगावर घेतलाय हे त्याला दिसत होतं. बायबलमधल्या यशया ५३ मध्ये जे आहे, तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, ते इथे कातडीवर रंगवलंय.

उजव्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे, एक लांब बोट येशूकडे रोखून. खरं तर त्याचा शिरच्छेद आधीच झालेला, तो तिथे असूच शकत नाही, पण चित्रकाराला साक्षीदार हवा होता. त्याच्या पायाशी छोटंसं कोकरू आहे, खांद्यावर क्रूस, आणि छातीतून रक्ताची धार थेट सोन्याच्या प्याल्यात पडतेय. ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ असं हाच योहान येशूला म्हणाला होता, आणि तो प्याला म्हणजे प्रभुभोजनाचा. वल्हांडणाच्या यहुदी सणाला बळी दिलं जाणारं कोकरू, लेवीय १६ मधला लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात सोडलेला बकरा, इब्री लोकांस पत्रातलं ‘एकदाच’ झालेलं अर्पण, हे सगळं त्या एवढ्याशा कोपऱ्यात मावलंय.

प्रायश्चित्त, म्हणजे येशूच्या मरणाने आपल्या पापांची भरपाई झाली ती नक्की कशी, यावर चर्चमध्ये शेकडो वर्षं विचार चाललाय. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म नावाच्या धर्मपंडिताने मांडलं की पापामुळे देवाचा जो मान गेला ते ऋण फेडायचंय माणसाने पण ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. पुढे प्रोटेस्टंट सुधारकांनी येशूने आपल्या जागी भोगलेल्या शिक्षेवर जोर दिला, पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या मरणावरच्या विजयाबद्दल जास्त बोलतात. मी लहानपणापासून उत्तम शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे संदेश ऐकत आलेय, त्यात बहुतेक वेळा देण्याघेण्याचा हिशोबच असायचा, पापाचं वेतन मरण, ते त्याने भरलं, आपण मोकळे. ते खोटं नाहीच, पण माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या हिशोबात देव लांब बसून वसुली करणारा वाटायला लागतो, आणि या चित्रात तो लांब नाहीये, तो स्वतःच फोडांनी भरलाय. ‘मी काय पाप केलं म्हणून हा आजार’ असं म्हणणाऱ्या माणसाला (आणि आपल्याकडे अजून किती जण म्हणतात!) योहान ९ मध्ये येशूने आंधळ्याबद्दल दिलेलं उत्तर (ना याने पाप केलं, ना याच्या आईबापांनी) वाचून दाखवा, आणि मग हे चित्र दाखवा.

पुनरुत्थानाचं पॅनल अजिबात सोडू नका. तिथे तोच देह उजेडाने पेटलाय, सगळे फोड गेलेत, कातडी नितळ झालीय, पण खिळ्यांचे आणि कुशीचे व्रण ठेवलेत. क्षमा मिळाली म्हणून काही घडलंच नाही असं होत नाही, त्याची किंमत त्याच्या अंगावर कायम दिसते, हे मला तिथे पटलं. संत अँथनीला भुतं छळतायत त्या पॅनलमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एक कागद रंगवलाय, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की चांगल्या येशू, तू कुठे होतास, माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस. वेदीवरच्या चित्रात हा प्रश्न लपवलेला नाही याचं मला फार मोल वाटलं.

बाकी उपयोगाचं: पॅनल्स सुटी करून मांडलीयत त्यामुळे मागून पुढून फिरून बघता येतात, आणि पूर्वी दारं कशी उघडायची ते दाखवणारी छोटी मॉडेल्स आहेत, ती आधी बघा म्हणजे क्रम कळतो. २०१८ ते २०२२ दरम्यान साफसफाई-दुरुस्ती झालीय, जुनं वार्निश काढल्यामुळे रंग ताजे दिसतात, म्हणून जुन्या पुस्तकातल्या फोटोंवर जाऊ नका. लहान मुलं असतील तर वधस्तंभाचं चित्र जड जाऊ शकतं, आधी सांगून ठेवा. मंगळवारी बंद असतं, निघण्यापूर्वी वेळा तपासा. आदल्या रात्री यशया ५३ आणि योहान १ वाचून गेलात तर फार बरं. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि मंडळीची सहल काढणार असाल तर यादीत हे सगळ्यात वर टाका.