पब्लिक फोल्डरचं मायग्रेशन कुठवर आलं: पोर्टलवर बघावं की पॉवरशेलमध्ये?

मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचा, म्हणजे एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचे पब्लिक फोल्डर (सगळ्यांनी मिळून वापरायचे मेलचे सामायिक फोल्डर) अजून जुन्या सर्व्हरवर आहेत, त्यांच्यापैकी बरेच जण आता एक्स्चेंज ऑनलाइनच्या, म्हणजे त्याच्या क्लाउड आवृत्तीच्या वाटेवर आहेत. मॅपिंगची सीएसव्ही (कुठला फोल्डर कुठल्या मेलबॉक्समध्ये जाणार याची यादी), एंडपॉइंट (जुन्या सर्व्हरशी जोडणीची माहिती), बॅच (हलवण्याचं एकत्र काम) सुरू करणं हे सगळं तुम्ही उरकलंय असं धरतो. खरा प्रश्न त्यानंतर येतो. बॅच कित्येक दिवस चालते आणि रोज कुणीतरी विचारतं, "किती झालं?" याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं: ब्राउझरमधल्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये, म्हणजे पोर्टलवर, आणि पॉवरशेलमध्ये, जिथे कमांड टाइप करून चालवायच्या असतात. मी आतापर्यंत दोन कंपन्यांचे पब्लिक फोल्डर हलवले. पहिल्यांदा पोर्टलच्या भरवशावर, दुसऱ्यांदा पॉवरशेलच्या.

पोर्टलबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. लॉगिन केलं, मायग्रेशनचं पान उघडलं, बॅचच्या नावावर क्लिक केलं की स्टेटस समोर येतं. किती झाले, किती फेल गेले हे आकड्यांत दिसतं. मॅनेजरला बोलावून स्क्रीन दाखवता येते. सुट्टीवर जाताना काम दुसऱ्याकडे सोपवायचं असेल तर "इथे बघत जा" एवढं सांगून भागतं. बॅच बनवताना नोटिफिकेशनसाठी ईमेल पत्ते दिले असतील तर संपल्याचं मेलवर कळतं, म्हणजे वरच्या मंडळींसाठी वेगळं काही करावं लागत नाही. एक-दोनच पब्लिक फोल्डर मेलबॉक्स (हे फोल्डर ज्यांत साठवतात ते मेलबॉक्स) असतील तर यापलीकडे जायची गरज बहुधा पडणार नाही.

माझं पहिलं काम चाकणच्या एका इंजिनिअरिंग कंपनीचं होतं. १२ पब्लिक फोल्डर मेलबॉक्स. त्यांचं अख्खं डिस्पॅच पब्लिक फोल्डरवर चालायचं: गाडी कधी निघाली, चलन कुणी केलं, गिऱ्हाइकाचा मेल कुठल्या फोल्डरात आला, सगळं तिथेच. शुक्रवारी रात्री लॉक लावायचं, म्हणजे शेवटचं सिंक (नव्या ठिकाणी कॉपी) होईपर्यंत फोल्डर सगळ्यांसाठी बंद करायचे असं ठरलं होतं. संध्याकाळी सहाला पोर्टल बघितलं. बॅचसमोर 'सिंक्ड' लिहिलेलं, फेल शून्य. आठ वाजता लॉक लावलं, बॅच कम्प्लीट करायची कमांड दिली आणि घरी गेलो.

शनिवारी सकाळी 'कम्प्लीटिंग'. दुपारी तेच. रविवारीही तेच. सोमवारी सकाळी साडेआठला डिस्पॅचच्या इन्चार्जचा फोन आला, "अहो साहेब, फोल्डर उघडत नाहीत आणि गेटवर दोन गाड्या उभ्या आहेत." त्या माणसाचा आवाज अजून लक्षात आहे. तो चिडलेला नव्हता, फक्त अडलेला होता, आणि मला ते जास्त लागलं.

तेव्हा पहिल्यांदा एकेका मेलबॉक्सची रिक्वेस्ट, म्हणजे बॅचमधलं त्या मेलबॉक्सचं वेगळं काम, उघडून बघितली. १२ पैकी ११ व्यवस्थित होत्या. एकीची शेवटच्या यशस्वी सिंकची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती. पहिलं सिंक झालं की बॅच दर २४ तासांनी फक्त फरक, म्हणजे मधल्या काळात झालेले बदल, ओढते. या एका मेलबॉक्सचा फरक नऊ दिवस ओढलाच गेला नव्हता. ज्या जुन्या सर्व्हरवर त्याचा डेटाबेस होता त्या सर्व्हरच्या डिस्कने मान टाकायला सुरुवात केली होती. जोडणी तुटायची, मायग्रेशन सर्व्हिस ती तात्पुरती अडचण समजून पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा तुटायची. तात्पुरती अडचण म्हणजे फेल नव्हे, म्हणून फेलचा आकडा शून्यच राहिला. पोर्टलने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी बॅचचं स्टेटस वाचलं आणि तेच प्रत्येक मेलबॉक्सचं स्टेटस समजलो, ही चूक माझी. नऊ दिवसांचा साठलेला सगळा फरक लॉक लावल्यानंतर ओढला जात होता, लोक बाहेर ताटकळत असताना. मंगळवारी दुपारी फोल्डर उघडले.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. मला बघायचा असतो तो प्रत्येक मेलबॉक्सच्या शेवटच्या सिंकचा दिवस, आणि तोही सगळ्यांचा एकाखाली एक. पोर्टलवर त्यासाठी एकेक ओळ उघडून आत जावं लागलं. १२ वेळा क्लिक करणं एका दिवशी जमतं. रोज कुणी करत नाही, मीही केलं नव्हतं.

पॉवरशेलमध्ये हेच एका ओळीत होतं. गेट-पब्लिकफोल्डरमेलबॉक्समायग्रेशनरिक्वेस्ट चालवायची आणि तिचं उत्तर पाइपने (| या चिन्हाने) त्याच नावाच्या, शेवटी 'स्टॅटिस्टिक्स' असलेल्या कमांडला द्यायचं. नाव लांबलचक आहे, पण टॅब दाबला की पूर्ण होतं. टेबलमध्ये टार्गेट मेलबॉक्स (ज्यात फोल्डर जातायत तो नवा मेलबॉक्स), स्टेटस डिटेल, टक्के आणि सिंकच्या तारखा एवढेच कॉलम घ्यायचे. टक्क्यांचा आकडा ९५ वर थांबलेला दिसला तर घाबरू नका, उरलेलं शेवटच्या सिंकसाठी राखलेलं असतं. नजर तारखांवर ठेवायची. कुठे काही खटकलं तर त्या एकाच मेलबॉक्सचा रिपोर्ट 'इन्क्लूडरिपोर्ट' लावून काढायचा. तो पानंच्या पानं येतो, पण अडचण कुठे आणि किती वेळा आली हे त्यात तारीखवार असतं.

आणखी एक गोष्ट मी पॉवरशेलमध्येच तपासतो. एका मेलबॉक्ससाठी एकच रिक्वेस्ट असायला हवी. बॅच मध्येच काढून पुन्हा बनवली असेल तर जुनी रिक्वेस्ट मागे राहू शकते. टार्गेट मेलबॉक्सनुसार ग्रुप करून एकापेक्षा जास्त संख्या असलेले गाळून घेतले की डुप्लिकेट लगेच सापडते. ती कम्प्लीट करायच्या आधीच काढलेली बरी.

पॉवरशेलचा त्रास नाही असं नाही. सेशन मरतं, मग पुन्हा कनेक्ट करा, पुन्हा फोनवरचा कोड टाका. हाताखाली नवीन मुलगा असेल तर त्याला काळी खिडकी देताना जपावं लागतं, कारण बघायची कमांड आणि काढून टाकायची कमांड यांच्यात फक्त पहिल्या शब्दाचा फरक आहे. त्याला फक्त बघण्यापुरते अधिकार द्या. मॅनेजरला टेबल दाखवून तर काहीच कळत नाही. मी रोज सकाळी आउटपुट सीएसव्हीत टाकतो, कालची फाइल शेजारी उघडतो आणि हललेले आयटम किती वाढले ते दोन ओळींत मेलवर लिहितो. हे काम पोर्टल वाचवतं, हे मान्य.

एका बाबतीत दोन्ही सारखेच आहेत. कम्प्लीटची कमांड दिल्यावर बॅच 'सिंक्ड'वरून 'कम्प्लीटिंग'वर यायलाच काही तास घेते. तेवढ्या वेळात पोर्टल कितीही रिफ्रेश करा नाहीतर कमांड कितीही वेळा चालवा, काही घडत नाहीये असंच वाटतं. ते नेहमीचंच आहे. लॉकची वेळ ठरवताना हे तास आधीच मोजा आणि फोल्डर तेवढा वेळ बंद राहतील असं लोकांना सांगा.

तुमच्याकडे मेलबॉक्स मोजके असतील, जुना सर्व्हर धडधाकट असेल, तर पोर्टलवर राहा, वाईट काहीच नाही. पण पाच-सहाच्या वर मेलबॉक्स असतील आणि सर्व्हर म्हातारा असेल, जो अशा कंपन्यांत बहुतेक असतोच, तर मी पॉवरशेलकडे झुकेन. निदान लॉकच्या दिवशी तरी. प्रत्येक मेलबॉक्सचं शेवटचं सिंक दोन दिवसांच्या आतलं नसेल तर लॉक पुढे ढकला, कुणी कितीही घाई केली तरी.

दुसरं काम नाशिकचं होतं, १४ मेलबॉक्स. लॉकच्या दिवशी दुपारी बाराला कमांड चालवली. तेरा ओळींवर त्याच दिवसाची तारीख होती, एकीवर चार दिवसांपूर्वीची. मी लॉक पुढच्या शुक्रवारी नेला आणि ती एक रिक्वेस्ट सोडवायला घेतली.